वडिलांच्या घराची किंमत नेमकी किती धरायची?

तुमचा प्रश्न मी समजलो तसा आधी मांडतो. सांगलीतल्या विश्रामबागेत वडिलांनी बांधलेलं घर आहे. अडीच हजार चौरस फुटांचा प्लॉट, तळमजल्यावर १,२०० चौरस फुटांचं ३० वर्षांपूर्वीचं बांधकाम आणि वर ८०० चौरस फुटांचा मजला. हा मजला थोरल्या भावाने आठ वर्षांपूर्वी स्वतःच्या पैशातून चढवला. वडील २०२२ साली गेले, मृत्युपत्र केलेलं नाही. आई आणि थोरले भाऊ तिथंच राहतात, तुम्ही पुण्यात, बहीण साताऱ्यात. भाऊ म्हणतात घर सत्तर लाखांचं, मेहुणे म्हणतात दीड कोटीच्या खाली नाही, रेडी रेकनरचा, म्हणजे शासनाच्या दरपत्रकाचा, आकडा तिसराच निघतो. त्यातच देशातल्या घरांचे भाव वाढल्याची बातमी येते, आणि पुण्यातल्या तुमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटची किंमत या अख्ख्या बंगल्याच्या बरोबरीने निघते. यातला खरा आकडा कोणता, असं तुम्ही विचारलं आहे.

मी २७ वर्षं सांगली-मिरजेत मूल्यांकनाचं काम करतो. अशा घरांच्या वाटण्यांसाठी शेकडो अहवाल लिहिले, आणि त्यातली काही भावंडं पुढे एकमेकांच्या कार्यालाही गेली नाहीत, हेही पाहिलं. म्हणून सविस्तर लिहितो.

बातमीतला आकडा आधी बाजूला ठेवा. रिझर्व्ह बँकेचा घरांच्या किमतींचा निर्देशांक सुरुवातीला मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बंगळुरू अशा १० शहरांच्या नोंदणीवरून काढत. पुढे शहरं वाढली, तरी तो मोठ्या शहरांचाच राहिला. राष्ट्रीय आवास बँकेचा निर्देशांक ५० शहरांचा आहे. सांगली त्यात नाही, सातारा नाही. ‘देशातली घरं वाढली’ या वाक्यात तुमच्या वडिलांचं घर धरलेलंच नाही. शिवाय निर्देशांक वाढीचा वेग सांगतो, किंमत सांगत नाही.

देशपातळीचे दोन आकडे मात्र तुम्ही तिघांनी बसण्याआधी जरूर वाचावेत, कारण ते घराबद्दल कमी आणि कुटुंबाबद्दल जास्त सांगतात. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या घरगुती अर्थव्यवहारविषयक समितीने २०१७ साली दाखवलं, की भारतीय कुटुंबाच्या मालमत्तेपैकी सरासरी ७७ टक्के जमीन आणि घरात अडकलेली असते. ११ टक्के सोनं, ७ टक्के इतर टिकाऊ वस्तू, आणि बँक ठेवी, विमा, शेअर वगैरे सगळं मिळून जेमतेम ५ टक्के. म्हणजे आपल्याकडे घराची किंमत चुकली की कुटुंबाचा सगळा हिशेबच चुकतो. बाकी काही सावरायला नसतंच. दुसरा आकडा राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाचा, ३० जून २०१८ या तारखेचा. ग्रामीण कुटुंबाची सरासरी मालमत्ता १५.९२ लाख, शहरी कुटुंबाची २७.१७ लाख. सरासरी वाचून माणूस म्हणतो, ठीक आहे, आपणही तिथंच कुठंतरी. पण त्याच पाहणीत शहरातल्या वरच्या दहा टक्के कुटुंबांची सरासरी दीड कोटीच्या आसपास आहे आणि तळाच्या दहा टक्क्यांची सुमारे २,००० रुपये. दोन हजार! ज्याच्या नावावर शहरात जागा नाही, त्याच्या नावावर काहीच नाही, एवढाच त्याचा अर्थ. खेड्यात तळाचा दशांशही ४१,००० पर्यंत जातो, कारण कसंही असो, गावात घराचा तुकडा असतो. २०११ च्या जनगणनेत ग्रामीण भागातली सुमारे ९५ टक्के कुटुंबं स्वतःच्या घरात राहत होती, शहरात सुमारे ६९ टक्के. देशात मालकीची घरं जास्त खेड्यात आणि घरांची किंमत जास्त शहरात, अशी ही उलटी मांडणी आहे. तुमच्या घरात ती पुणे आणि सांगली अशी दिसते आहे.

हे उलटं का होतं, ते माझ्या कामातल्या सर्वांत साध्या हिशेबातून कळतं. घराची किंमत म्हणजे दोन किमतींची बेरीज: जागेची आणि बांधकामाची. सिमेंट, सळई, वाळू, गवंडी यांचे दर सांगलीत, साताऱ्यात, पुण्यात थोडेफार इकडेतिकडे असतात. भिंतीची किंमत गाव बदललं म्हणून पाचपट होत नाही. पाचपट, दहापट होते ती जागेची. आणि भिंत दरवर्षी जुनी होत किमतीत उतरत जाते, यालाच घसारा म्हणतात. जागेला घसारा नाही. वीस-तीस वर्षांनी जुन्या घरात मुख्यतः जागाच मोजायची उरते. मग जागेचा भाव कशाने ठरतो? ती घ्यायला किती माणसं रांगेत आहेत आणि त्यांना बँक किती कर्ज देईल यावर. पुण्यात नोकरी करणारी दोन माणसं मिळून कर्ज उचलतात आणि अशी हजारो जोडपी एकाच वेळी घर शोधत असतात. विश्रामबागेतला ग्राहक म्हणजे डॉक्टर, प्राध्यापक, हळदीचा किंवा बेदाण्याचा व्यापारी, तासगावकडचा द्राक्षबागायतदार, निवृत्त होऊन परत आलेला अधिकारी. चांगला ग्राहक आहे, पण मोजका आहे. साताऱ्याचं गणित आणखी वेगळं. ते महामार्गावर आहे, आपण महामार्गापासून आत. पुणे-मुंबईचा माणूस शनिवार-रविवारच्या घरासाठी वाई-पाचगणीकडे बघतो, आणि तिथं पर्यावरण संवेदनशील क्षेत्राच्या नियमांमुळे बांधायला जागा मर्यादित. तुमच्या मेहुण्यांनी साताऱ्याचा दर सांगलीला लावला असेल, तर दीड कोटी तिथून आले असणार.

एक वेगळं उदाहरण सांगतो, कारण याच्याइतकं स्पष्ट दुसरं मला दिसलेलं नाही. खानापूर, आटपाडी भागातली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या, म्हणजे ते वितळवून शुद्ध करण्याच्या, धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. दोन-तीन पिढ्या परमुलखात राबून त्यांनी गावाकडे घरं बांधली. संगमरवर, सागवानी दारं, वर गच्ची, समोर मोठं अंगण. बांधकामाचा खर्च पन्नास-साठ लाखांवर गेलेली अशी घरं मी मोजली आहेत. वर्षातले अकरा महिने कुलूप. जत्रेला, लग्नाला उघडतात. मालकाला कर्ज हवं असतं म्हणून बँक मला पाठवते, आणि मला लिहावं लागतं की बाजारमूल्य खर्चाच्या निम्म्याच्याही खाली आहे. मालक दुखावतो. त्याचं दुखणं खरं आहे, पण त्या गावात साठ लाख मोजून घर घेणारा दुसरा माणूस नाही, कारण ज्याच्याकडे तेवढे पैसे आहेत त्याने आपलं स्वतःचं बांधलेलं आहे. उलट जावळी-पाटणकडचा एखादा माथाडी कामगार. मुंबईतली त्याची एक खोली, पत्र्याच्या पोटमाळ्यासकट, गावाकडच्या सहा खोल्यांच्या घराला किमतीत सहज मागे टाकते. आणि तरी म्हातारपणी तो राहायला जातो गावच्याच घरात. खर्च, भाव आणि राहण्याचं सुख या तीन निराळ्या गोष्टी आहेत. वाटणीच्या बैठकीत प्रत्येक जण त्यातली एकेक धरून भांडत असतो.

आता सांगलीबद्दल. इथं एकाच शहरात पायी दहा मिनिटांच्या अंतरावर भाव बदलतो, आणि त्याचं मुख्य कारण कृष्णा. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी, ४५ फुटांना धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला पुन्हा ५४ च्या वर. तेव्हापासून घर बघायला आलेला माणूस हॉल, किचन बघायच्या आधी विचारतो, “२०१९ ला पाणी कुठवर आलतं?” गावभाग, काकानगर, दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट इथल्या चांगल्या बांधकामांनाही हा प्रश्न चिकटलेला आहे. त्यात निळ्या पूररेषेच्या, म्हणजे नदीकाठच्या पूरक्षेत्राची हद्द दाखवणाऱ्या सरकारी रेषेच्या, आत नव्या बांधकामाला बंदी असते, म्हणजे जागा घेऊन जुनं पाडून मोठं बांधू असं म्हणणारा ग्राहकच गळतो. शामरावनगरसारख्या सखल भागात नदी दूर असूनही पावसाचं पाणी काळ्या मातीत दिवसेंदिवस साचून राहतं, आणि तिथल्या पायाचा खर्चही वाढतो. विश्रामबाग त्या मानाने उंचावर, म्हणून पुरानंतर मागणी तिकडे सरकली. तुमच्या घराला याचा फायदा आहे, तो भावाच्या सत्तर लाखांत धरलेला दिसत नाही. मात्र विश्रामबागेतही सगळ्या गल्ल्या सारख्या नाहीत. तुमच्या गल्लीत दोन्ही वर्षी काय झालं होतं ते शेजाऱ्यांकडून नक्की करून घ्या.

दुसरं कारण कागद. सांगली, मिरज, कुपवाड तिन्हीकडे गुंठेवारीचे प्लॉट भरपूर. कुणीतरी शेत घेतलं, गुंठ्या-गुंठ्याने विकलं, स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं. २००१ च्या कायद्याने ते नियमित करून घ्यायची सोय झाली, पुढे २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या प्लॉटांना ती मिळाली. ज्यांनी प्रमाणपत्र घेतलं त्यांच्या आणि ज्यांनी नाही घेतलं त्यांच्या भावात फरक पडतो, कारण प्रमाणपत्राशिवाय बँक कर्जाला उभं करत नाही आणि ग्राहक रोखीवालाच शोधावा लागतो. गावठाणातल्या घरांची गत अशीच होती, ग्रामपंचायतीचा नमुना ८ एवढाच आधार. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या, त्या गावांत घर कर्जासाठी पुढे करता येऊ लागलं. भिंत तीच, पण कागदाने तिची किंमत वाढली. तुमच्याकडे बिगरशेती आदेश, मंजूर रेखांकन, सिटी सर्व्हेचा उतारा, तळमजल्याचा बांधकाम परवाना आणि, हे महत्त्वाचं, वरच्या मजल्याचा परवाना आहे का ते बघा. बऱ्याच घरांत वरचा मजला परवान्याविना चढवलेला असतो. तसं असेल तर तो विकताना पूर्ण मोजला जाणार नाही.

रेडी रेकनरबद्दल लोकांच्या मनात घोळ आहे. तो शासनाचा मुद्रांक शुल्कासाठीचा दर. किमान एवढ्या रकमेवर शुल्क भरा, इतकंच तो सांगतो. एका विभागातल्या सगळ्या जागांना तो एकच दर लावतो. कोपऱ्याचा प्लॉट, बोळातला प्लॉट, नाल्याकाठचा प्लॉट, सगळे एका ओळीत. २०२२ नंतर तो तसाच राहिला आणि १ एप्रिल २०२५ पासून वाढवला, दरम्यान बाजार काही थांबून राहिला नव्हता. म्हणून तो पाया म्हणून बघा, किंमत म्हणून नको. त्यापेक्षा तुमच्या गल्लीत गेल्या दीड-दोन वर्षांत नोंदवलेल्या व्यवहारांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचे गोषवारा-उतारे, काढा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ते मिळतात. काही व्यवहारांत कागदावरचा आकडा खऱ्यापेक्षा कमी असतो, म्हणून एकावर विसंबायचं नाही, पाच-सहा बघायचे.

आता तुमच्याच घरावर हिशेब करून दाखवतो. दर मी गणितापुरते धरले आहेत, प्रत्यक्ष दर जागा बघूनच लिहिता येईल.

जागा २,५०० चौरस फूट, दर ३,५०० धरला तर ८७.५० लाख. तळमजला १,२०० चौरस फूट, आज नव्याने बांधायला २,००० रुपये धरून २४ लाख. आयुष्य ६० वर्षं, शेवटी दहा टक्के भंगारमूल्य, वय ३० वर्षं, म्हणून घसारा ४५ टक्के. उरले १३.२० लाख. वरचा मजला ८०० चौरस फूट, आजच्या दराने १६ लाख. इथं एक चूक नेहमी होते. वरचा मजला आठच वर्षांचा म्हणून त्याला पुढची ५२ वर्षं देतात. पण तो ज्या खांबांवर उभा आहे त्यांची ३० वर्षंच उरली आहेत, खाली पडणार तेव्हा वरचा काय करणार? म्हणून त्याचं एकूण आयुष्य ३८ धरायचं. घसारा १९ टक्क्यांच्या आत, उरले जवळपास १३ लाख. एकूण बेरीज सुमारे १ कोटी १४ लाख. म्हणजे ग्राहकाच्या दृष्टीने घरातले तीन चतुर्थांशांहून जास्त पैसे जमिनीचे.

यातून वरच्या मजल्याचे १३ लाख भावाचे म्हणून बाजूला काढा. खर्च वेगळा झाला असेल, पावत्या असतील, तरी आज त्याची किंमत तेवढीच. हे त्यांना वाईट वाटेल, पण तुम्हीही तो मजला वाटणीत ओढू नका. त्याचा खर्च त्यांनीच केला आहे. उरले १ कोटी ७० हजार.

हे कितीत वाटायचं? तुमच्या पत्रात तुम्ही ‘आम्ही तिघं’ असंच लिहिलं आहे. आई कुठे आहे? वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत आणि मृत्युपत्र नाही, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने पत्नी, मुलगे आणि मुलगी सगळे प्रथम वर्गाचे वारस, सारख्या हिश्शाचे. चार वाटे होतात. बहिणीचा हक्क २००५ च्या दुरुस्तीने आला असं लोक म्हणतात, पण स्वकष्टार्जित मिळकतीत तो १९५६ पासूनच होता. फरक एवढाच, की भाऊ वाटणी मागेपर्यंत राहत्या घराची वाटणी मुलीला मागता येत नसे, ते कलम २००५ ला गेलं. वाटण्यांच्या बैठकीत आईचा चौथा हिस्सा विसरला जातो हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे, की आता अहवालाच्या पहिल्याच पानावर मी वारसांची संख्या लिहितो. तिला पैसे नको असतील, पण त्या घरात राहायचा तिचा हक्क कुणाच्या उपकारावर असू नये.

प्रत्येक वाटा २५ लाख १७ हजारांच्या आसपास. आईचा हिस्सा तसाच राहिला आणि भावाने तुम्हा दोघांचे वाटे घ्यायचे ठरवले, तर त्यांना ५० लाख ३५ हजार उभे करावे लागतील. ९ टक्क्यांनी २० वर्षांचं कर्ज धरलं तर महिन्याचा हप्ता ४५,००० च्या वर. तुमच्या भावाचा पगार तुम्हाला माहीत आहे. त्यांच्या सत्तर लाखांमागे लबाडी असेल असं मला वाटत नाही. जेवढं पेलेल तेवढा आकडा माणूस मनात धरतो. बहिणीचं उलट आहे, तिला हा पैसा एकदाच मिळणार, म्हणून तिच्या घरच्यांनी वरचा आकडा धरला. आणि तुम्ही पुण्याचा भाव बघून दोन्हीकडे मान हलवता आहात. घर एकच, पण ज्याला त्यात राहायचं आहे, ज्याला विकायचं आहे आणि ज्याला नुसता हिशेब मिटवायचा आहे, त्या तिघांना ते वेगवेगळ्या किमतीचं दिसतं.

माझं मत विचाराल तर बाजारमूल्यावर एकमत करा आणि सवलत द्यायची असेल तर ती वेगळी, उघडपणे द्या. “घर एक कोटीचं, पण आई तुझ्याकडे आहे, तिचं तू करतोस, म्हणून मी माझ्या वाट्यातले इतके सोडतो,” असं कागदावर आणि तोंडावर म्हणा. किंमतच खाली ओढून सत्तर लाख मान्य केली, तर भावाला कळतच नाही की तुम्ही काही सोडलं, आणि पाच वर्षांनी शेजारचा प्लॉट विकला गेला की बहिणीला वाटतं आपल्याला फसवलं. हे मी अंदाजाने लिहीत नाही. एका वाटणीत मीच सगळ्यांच्या आग्रहाखातर ‘तडजोडीची किंमत’ लिहून दिली होती. त्या घरातली बहीण पुढे वकिलासह माझ्याकडे आली आणि तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर अहवालात बाजारमूल्याखेरीज दुसरा आकडा मी लिहीत नाही.

विकायचंच ठरलं, तर कर आधी मोजा. वडिलांनी जागा २००१ च्या आधी घेतलेली असल्याने १ एप्रिल २००१ चं वाजवी मूल्य खरेदीची किंमत म्हणून धरता येतं, मात्र त्या तारखेच्या रेडी रेकनरपेक्षा जास्त नाही. २३ जुलै २०२४ पूर्वीची मिळकत असल्याने महागाईचा निर्देशांक लावून २० टक्के किंवा न लावता १२.५ टक्के, यातला कमी कर निवडता येतो. दोन्ही काढून बघा. तातडीने विकलं तर हातात कमी येतं, याचाही विचार ठेवा. विश्रामबागेत योग्य ग्राहक मिळायला सहा महिने, कधी वर्षही लागतं. हक्कसोडपत्र, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याचा दस्त, मोबदल्याविना आणि मोबदला लिहून, यांत मुद्रांक शुल्काचा मोठा फरक पडतो, ते नोंदणीआधी वकिलांकडून समजून घ्या.

मूल्यांकनकार तिघांनी आणि आईने मिळून एकच नेमा, शुल्क चौघांत वाटा, आणि पाहणीच्या दिवशी सगळे घरी हजर राहा. सिटी सर्व्हे उतारा, दोन्ही परवाने, घरपट्टीची शेवटची पावती आणि वडिलांचं खरेदीखत टेबलावर असू द्या. मूल्यांकनाची तारीख आधीच ठरवून लिहा, वडील गेले ती की आजची, कारण या दोन तारखांमध्येही काही लाखांचा फरक निघेल. वाटणी आज होत असेल तर मी आजचीच घेईन.